मनोरंजनासाठी प्रणयकादंबरी कशी निवडावी

प्रणयकादंबरी घेताना बहुतेक वाचक मुखपृष्ठ पाहतात, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि फार तर एखाद्या मैत्रिणीने केलेली शिफारस आठवतात. या तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, परंतु पुस्तकात आपला जीव रमेल की नाही हे त्यांवरून क्वचितच कळते. या साहित्यप्रकारात शेवट आधीच ठाऊक असतो. दोघे एकत्र येणार हे वाचकाने पहिल्या पानालाच गृहीत धरलेले असते. तरीही तो तीनशे पाने आवडीने वाचतो, कारण एकमेकांसाठी योग्य असलेली ही दोन माणसे इतके दिवस दूर का राहिली आणि ते अंतर कसे मिटले, हे त्याला जाणून घ्यायचे असते. म्हणून निवड करताना सर्वांत आधी या दोघांमधल्या अडसराची चौकशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी एक गल्लत मात्र टाळली पाहिजे. प्रेम हा विषय असलेली प्रत्येक कादंबरी प्रणयकादंबरी नसते. अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकारासाठी दोन अटी सांगितल्या आहेत: प्रेमकथा हाच कथानकाचा गाभा असावा आणि शेवट मनाला समाधान देणारा व आशादायी असावा. १८४७ या एकाच वर्षी दोन सख्ख्या बहिणींच्या दोन कादंबऱ्या इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाल्या. ‘जेन एअर’मधील नायिका अनेक यातनांनंतर आपल्या अटींवर विवाह करते, तर ‘वुदरिंग हाइट्स’मधील प्रेम दोन घराण्यांची धूळधाण करते. दोन्ही श्रेष्ठ आहेत. पण दिवसभराच्या शिणानंतर विरंगुळा हवा असलेल्या वाचकाने दुसरी हाती घेतली, तर त्याची फसगत होईल. शंका असेल तेव्हा शेवटची दोन पाने आधी वाचून पाहण्यात काहीही गैर नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नित्यनेमाने प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांच्या सवयी नोंदवल्या आहेत, आणि त्यांतही शेवट आधी पाहून घेण्याची सवय आढळते.

आता अडसराकडे वळू. तो बाहेरचा असू शकतो, म्हणजे दोन कुटुंबांतील वैर, सामाजिक दर्जातील तफावत, युद्ध किंवा वारसाहक्काची एखादी विचित्र अट. किंवा आतला असू शकतो, म्हणजे जुन्या फसवणुकीची भीती, अहंकार, अपराधीपणा, स्वतःला प्रेमास अपात्र समजणे. बाहेरच्या अडसराने कथेला वेग येतो, तर आतल्या अडसराने पात्रांना खोली येते. उत्तम कादंबरीत हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायकाची पहिली मागणी ६१ पैकी ३४व्या प्रकरणात येते आणि नायिका ती साफ धुडकावते. उरलेल्या अर्ध्या पुस्तकात परिस्थितीपेक्षा ती दोन माणसेच अधिक बदलतात, आणि खरा आनंद त्या बदलात आहे.

याउलट काही कादंबऱ्यांचा सारा डोलारा एका गैरसमजावर उभा असतो. नायिका अर्धवट संभाषण ऐकते, नायक एक पत्र चुकीचे वाचतो, आणि मग दोघेही दोनशे पाने रुसून बसतात. अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ही दोघे दहा मिनिटे समोरासमोर बसून बोलली, तर कथा संपेल का? उत्तर ‘हो’ असेल आणि ती का बोलत नाहीत याचे पटणारे कारण लेखकाने दिले नसेल, तर ते पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे.

अडसराच्या स्वरूपावरूनच या प्रकारातील ठरावीक कथाबीजे तयार झाली आहेत. नियमित वाचक त्यांना ‘ट्रोप’ म्हणतात आणि हल्ली पुस्तकाच्या परिचयातही त्यांचा उल्लेख असतो. शत्रुत्वातून प्रेम फुलणाऱ्या कथेत संवादांची धार आणि शब्दाला शब्द भिडण्याची गंमत मिळते. मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी कथा संथ असते. तिच्यात जुन्या ओळखीची ऊब आणि हे नाते गमावून बसू अशी धास्ती एकत्र नांदतात. सोयीसाठी केलेल्या लग्नाच्या किंवा प्रेमाचे सोंग वठवणाऱ्या जोडप्याच्या कथेत सोंग कधी खरे झाले हे त्यांच्या आधी वाचकाला कळते. दुरावलेल्या प्रेमिकांच्या पुनर्भेटीची कथा अधिक हळवी असते. मात्र पहिल्या वेळी जे बिघडले त्याची नीट उकल तिने केली नाही, तर दुसऱ्या वेळच्या सुखावर विश्वास बसत नाही. यांपैकी आपल्याला काय रुचते हे शोधण्यासाठी आजवर सर्वाधिक आवडलेल्या तीन प्रेमकथा आठवाव्यात, मग त्या पुस्तकातील असोत वा पडद्यावरच्या, आणि त्यांतील अडसर कोणता होता ते पाहावे. मी हा प्रयोग केला तेव्हा तिन्हींत दोघांनी एकत्र मिळून एखादे काम तडीस नेलेले होते, हे प्रथमच ध्यानात आले. तेव्हापासून माझी निवड फारशी चुकलेली नाही.

काळ आणि पार्श्वभूमी हा प्रश्न त्यानंतरचा. ऐतिहासिक, समकालीन, रहस्यप्रधान, अद्भुत असे अनेक उपप्रकार आहेत. त्यांपैकी ‘रीजन्सी’ हे नाव वारंवार दिसते. काटेकोर अर्थाने तो इंग्लंडमधील १८११ ते १८२० हा काळ होय, जेव्हा आजारी राजाच्या वतीने युवराज राज्यकारभार पाहत होता. शिष्टाचारांच्या कडक चौकटीमुळे तेथे नुसता हाताला झालेला स्पर्शही मोठी घटना ठरतो.

शृंगाराचे प्रमाण मात्र आधीच तपासून घ्यावे. काही कादंबऱ्या चुंबनापाशी थांबतात, काहींत शयनगृहाचे दार वाचकासाठी बंद होते, तर काहींत सविस्तर वर्णने असतात. यांत बरे-वाईट काही नाही, प्रश्न केवळ आवडीचा आहे. अलीकडे चित्रमय, गोड रंगांची मुखपृष्ठे सर्रास वापरली जातात, त्यामुळे आतील मजकूर सौम्य असेलच असे मुळीच नाही. ज्यांना ‘डार्क रोमान्स’ म्हणतात त्या कादंबऱ्यांत बळजबरी, अपहरण, हिंसा हे विषय येतात आणि अनेक लेखक प्रारंभीच तशी सूचना देतात. ती सूचना वगळून पुढे जाऊ नये.

लांबीचाही विचार करावा. ‘मिल्स अँड बून’ ही संस्था १९०८ साली लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा सर्व प्रकारची पुस्तके काढत असे. पुढे १९३०च्या दशकात तिने प्रणयकथांवरच भर दिला. अशा मालिकांतील पुस्तके साधारण ५०,००० शब्दांची असतात, एकदोन बैठकांत संपतात, आणि प्रत्येक मालिकेचा सूर ठरलेला असल्यामुळे एक आवडले की दुसरे निवडणे सोपे जाते. एकाच कुटुंबातील भावंडांवरच्या कादंबरीमालेत बहुधा प्रत्येक भागात नवे जोडपे असते. कोणताही भाग स्वतंत्रपणे वाचता येतो, पण आधीच्या जोडप्यांचे काय झाले हे पुढच्या भागांत उघड होते, म्हणून शक्यतो क्रम पाळावा.

इतरांची परीक्षणे वाचताना भरभरून कौतुक आणि कडाडून टीका या दोहोंपेक्षा मधल्या मतांना अधिक महत्त्व द्यावे, कारण तेथे नेमकी तक्रार सापडते. एखाद्याला ‘फारच संथ’ वाटलेली कादंबरी हळूहळू उमलणारे प्रेम आवडणाऱ्यासाठी अगदी योग्य ठरू शकते.

अखेर पहिले प्रकरण वाचावे. त्यात नायक-नायिकेचे रूपवर्णन किती आहे यापेक्षा ती दोघे कशी बोलतात, प्रेमाखेरीज त्यांना आयुष्यात आणखी कशाची ओढ आहे का, हे पाहावे. ज्या नायिकेला काहीच नको असते तिला प्रेम मिळाले काय आणि न मिळाले काय, वाचकाला त्याचे सोयरसुतक राहत नाही. कथा दोघांच्या बाजूने सांगितली आहे की एकाच्याच, हेही तेथे समजते. पन्नास पानांपर्यंत त्या दोघांच्या पहिल्या खऱ्या संवादाची उत्सुकता वाटली नाही, तर पुस्तक मिटावे, आणि कोणत्या कारणाने मन लागले नाही ते एका ओळीत लिहून ठेवावे. अशा पाच-सहा ओळी जमल्या की पुढचे पुस्तक निवडताना मलपृष्ठावरच्या मजकुराआधी ती वही उघडावी.