मासेमारी नौकांवरील खलाशांच्या रोजगाराची नोंद कशी घ्यावी
खलाशाला बहुधा ठरावीक पगार नसतो. इंधन, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत त्याचा वाटा असतो, त्यामुळे पगारपत्रकांवर आधारलेल्या आकडेवारीत तो सहसा दिसतच नाही. म्हणून नोंद फेरीनुसार घ्यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ च्या १८८ क्रमांकाच्या करारानुसार नौकेवर खलाशांची यादी असणे अपेक्षित आहे. ती मिळाल्यास काम तिथेच निम्मे होते. एकच माणूस हंगामात तीन नौका बदलत असेल, तर कायम ओळख क्रमांकाअभावी तो तीनदा मोजला जातो. उत्पन्नाविषयी मोघम न विचारता, मागच्या फेरीत वाटा किती मिळाला आणि उचलीपोटी किती कापले गेले, असे विचारावे. मासळी उतरवताना कोणी धड बोलत नाही. जाळे विणत बसलेल्याला गाठावे.