मोबाइल काढण्याआधी तोंडी हिशेब

लातूरच्या आडतीवर माल विकून पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) हातात पडली की हल्ली पहिला हात मोबाइलकडे जातो. पावकी-दिडकी (पाव आणि दीडचे पाढे) पाठ असलेली म्हातारी माणसं तोवर रक्कम सांगून मोकळी झालेली असतात! सवय परत लावायची तर आधी तोंडी आकडा काढा, कॅल्क्युलेटर फक्त ताळ्यापुरता. क्विंटलच्या भावातली शेवटची दोन शून्यं उडवली की किलोचा भाव मिळतो. समजा सोयाबीन ७ क्विंटल ३५ किलो, भाव ४,२००. सात क्विंटलचे २९,४००. वरचे ३५ किलो ४२ रुपयांनी: तिसाचे १,२६०, पाचाचे २१०, म्हणजे १,४७०. एकूण ३०,८७०. हमाली-तोलाईची कपात झाली असेल तर ती नंतर वजा करा. पोरं सोबत असतील तर आकडा आधी त्यांनाच विचारा.