कधी लागते, कधी लागत नाही: जुन्या डिझेल ट्रकमधला लपलेला दोष

इनलाइन पंपाच्या (इंजिनाला डिझेल देणाऱ्या, एका रांगेत प्लंजर असलेल्या पंपाच्या), २४ व्होल्टच्या जुन्या ट्रकवर नव्याने हात टाकणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. कायम असणारा दोष आज ना उद्या सापडतोच, पण मनात येईल तेव्हा उपटणारा दोष भल्याभल्यांना रडकुंडीला आणतो. गॅरेजच्या दुसऱ्या वर्षी सहा सिलिंडरच्या एका गाडीने मला तीन आठवडे झुलवले, आणि त्यात मालकाचा जो पैसा गेला त्याची बोच अजून गेलेली नाही.

ती गाडी कधी पहिल्या सेल्फला लागे, कधी सकाळी वारंवार सेल्फ मारूनही लागत नसे, आणि खंबाटकी घाट चढताना मध्येच तिची ओढ तुटे. मी बॅटऱ्या बदलल्या, सेल्फमध्ये नवे ब्रश टाकले, शेवटी पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, पाठवले. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी चार दिवस व्यवस्थित चाले, म्हणून प्रत्येक वेळी दोष सापडला असे मला वाटे. प्रत्यक्षात गॅरेजमधून निघताच मालक टाकी फुल करून घेत असे, आणि गाडी सुधारत होती ती तेवढ्यामुळेच.

हे नीट समजून घ्या, कारण मी इथेच फसलो. टाकी चॅसिसला खाली असते आणि फीड पंप, म्हणजे मुख्य पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप, तिथून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे त्या पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे केसाएवढी चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. म्हणून पाइप बाहेरून कोरडा दिसतो आणि आपण त्याला निर्दोष ठरवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की पाइपमधले डिझेल टाकीत उतरते आणि त्याची जागा हवा घेते. टाकी भरलेली असताना डिझेलची पातळी वर असल्याने फीड पंपाला कमी ओढावे लागते आणि दोष लपतो. पातळी अर्ध्याखाली गेली की तो पुन्हा डोके वर काढतो.

फीड पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक पाइप जोडा आणि इंजिन चालू ठेवून पाहा. बुडबुडे दिसले तर टाकीचा पाइप सोडून, उंच टांगलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट पुरवठा द्या. तेवढ्याने गाडी सुधारली, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधेच आहे. माझ्या गाडीत चॅसिसच्या क्लॅम्पखाली रबरी पाइप वाकवल्यावरच ती चीर उघडत होती.

अर्थात त्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा, जो मी विचारला नव्हता: सेल्फ जोरात फिरतो का? जोरात फिरूनही सायलेन्सरमधून धूर येत नसेल तर डिझेल पोचत नाही. अशा वेळी इंजिन बंद करण्याची केबल पूर्ण मागे येते का, हेही पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. सेल्फ रडत फिरत असेल तर मल्टिमीटर घ्या. सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर बॅटरी बदलण्याआधी अर्थिंगची पट्टी खोलून घासा, कारण रबरी माउंटिंगवर बसलेल्या इंजिनातून करंट परतायला तीच खरी वाट असते.

हवेच्या पाइपाशी पेट्रोलचा बोळा धरून इंजिन लावणारे उस्ताद तुम्हाला भेटतील. त्यांच्या हाताखाली काम शिका, पण ही युक्ती उचलू नका. तिने पिस्टन फुटतात, हात भाजतात आणि दोष जिथल्या तिथेच राहतो. दोष आठवडाभर सापडला नाही म्हणून स्वतःला कमी लेखण्याचेही कारण नाही. ड्रायव्हरला एक वही द्या आणि प्रत्येक वेळी गाडी किती तास उभी होती, इंजिन गरम होते की गार, आणि टाकीत डिझेल किती होते, एवढे लिहायला सांगा. माझ्या ड्रायव्हरच्या वहीतल्या पाचही नोंदींत टाकी अर्ध्याखाली होती, आणि ते वाचल्यावरच मी पहिल्यांदा गाडीखाली शिरून तो पाइप हातात घेतला.