आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी: तीन लयी, एक सम

मी मूळचा सांगलीचा, लहानपणी तबला शिकलो, आता पोटापाण्यासाठी कॅनडात सॉफ्टवेअर तपासतो. इथल्या एका संगीतशाळेत यामाहाचा डिस्क्लाव्हिअर आहे. बाकी सगळा साधाच ग्रँड पियानो, फक्त प्रत्येक पट्टीखाली एक विद्युतचुंबक. संगणकानं मिडीचा (वाद्यांना स्वर सांगणाऱ्या संगणकी भाषेतला) निरोप पाठवला की पट्टी खाली जाते, हातोडी तारेवर बसते. मंगळवारी रात्री नऊनंतर तो मला मिळतो. त्याच्यासाठी रचना कशी करायची, हे तीन वर्षं चुका करून जे कळलं ते सांगतो.

आधी कशाला करायची, ते. माणसाच्या दहा बोटांना जमेल तेच लिहायचं असेल तर हा खटाटोप नको, वादक बोलवा. कॉनलन नॅनकॅरो (१९१२–१९९७) हा संगीतकार मेक्सिकोत बसून प्लेअर पियानो आपोआप वाजवणाऱ्या कागदी रोलला भोकं पाडत आयुष्यभर एकच प्रश्न सोडवत होता: एकाच वेळी अनेक लयी. त्याच्या ‘स्टडी’ नावाच्या रचनांपैकी ३७ क्रमांकाच्या रचनेत बारा आवाज बारा वेगवेगळ्या लयींत चालतात. हे ऐकलं आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या लयकारीचंच भावंड. फक्त आपण टाळी हातावर धरतो आणि एकच लय तोंडानं म्हणतो. इथे सगळ्या एकदम वाजवता येतात.

तर पहिला प्रयोग असा करा. राग मधमाद सारंग: सा रे म प आणि कोमल नि. हा मुद्दाम निवडलाय. पियानोची सुरावट समान अंतरांची असते, तिच्यातला शुद्ध गंधार आपल्या कानाच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). भूप लिहिलात तर प्रत्येक गंधाराला दात आंबतात. मधमादचे स्वर मात्र पंचमाच्या साखळीतले (सा-प हेच अंतर पुढे-मागे जोडत मिळणारे), चार सेंटांच्या आत बसतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मिळणार नाहीच, तिचा नाद सोडा.

सा काळी एक धरा. तीनतालाची तीन आवर्तनं, म्हणजे ४८ मात्रा, एकच सूर-ओळ लिहा आणि शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा) घाला, जिचा शेवटचा स्वर ४९व्या मात्रेवर, समेवर, पडेल. आता तिच्या दोन प्रती काढा. मूळ पदर मिनिटाला ९० मात्रांचा. दुसरा १२० चा, म्हणजे लांबी ७५ टक्के. तिसरा १५० चा, लांबी ६० टक्के. प्रतींचा आरंभ जुळवायचा नाही, सम जुळवायची. उलटं मोजा: पहिला पदर समेपर्यंत ३२ सेकंद घेतो, दुसरा २४, तिसरा १९.२. म्हणून दुसरा ८ सेकंदांनी सुरू होतो, आणि गंमत म्हणजे ती पहिल्या आवर्तनाची बरोबर तेरावी मात्रा, टाळीची. तिसरा १२.८ सेकंदांनी, कुठल्याच मात्रेवर नाही, मधेच उपटतो. श्रोता दचकतो तो तिथे.

जुळवताना शेवटच्या स्वराची सुरुवात जुळवा, त्याचं शेपूट नाही. एक मात्रेचा स्वर पहिल्या पदरात ०.६७ सेकंद आणि तिसऱ्यात ०.४. मी पहिल्यांदा तुकड्यांची उजवी कड एका रेषेत लावली आणि सम पाव सेकंद विस्कटली. पडद्यावर सगळं कसं रेखीव दिसत होतं!

पदर वेगवेगळ्या सप्तकांत ठेवा, आणि सा ते नि याच्या बाहेर जाऊ नका. माझा खालचा पदर तार सा ला गेला, नेमकी तीच पट्टी मधल्या पदराचा सा. पट्टी आधीच खाली दबलेली, दुसऱ्यांदा कशी दबणार? लॅपटॉपच्या आवाजात दोन्ही सा ऐकू आले होते, लाकडानं एक गिळला.

लाकूड आणि हातोडीवरची लोकर, हेच लक्षात ठेवायचं. तिसऱ्या पदरात चौगुन (मात्रेला चार स्वर) म्हणजे सेकंदाला दहा स्वर. वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालेल, पण एकाच पट्टीवर हातोडीला परत यायला उसंत नाही. तिथे दुगुनीवर थांबा, आणि एक स्वर सुटून तोच पुन्हा लागेपर्यंत मी निदान ५० मिलिसेकंदांची फट ठेवतो. हलक्या आवाजाच्या स्वरांचंही तसंच: व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात पडावी तो आकडा, १ ते १२७, पण अगदी खालच्या आकड्यांवर पट्टी हलते आणि आवाजच येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ८८ पट्ट्या १५, २०, २५, ३० अशा वाजवणारी फाइल करा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. आमच्याकडे खर्जातल्या तीन पट्ट्या ३० च्या खाली मुक्याच.

आता माझी फजिती. मित्राला ठेक्याला बसवलं, लॅपटॉपची टिकटिक त्याच्या कानात, पियानो जोडलेला. पहिल्याच समेला तो थांबला. ‘‘सम तर गेली बाबा, तुझं यंत्र कुठं राहिलं?’’ हळू पडणाऱ्या हातोडीला जास्त वेळ लागतो, म्हणून हलके-जोरदार सगळे स्वर वेळेवर पडावेत यासाठी हा पियानो सगळंच अर्धा सेकंद उशिरा वाजवतो. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ही सोय बंद करता येते, पण मग हळू स्वर मागे रेंगाळतात. मी चालूच ठेवतो आणि टिकटिकही अर्धा सेकंद उशिरा वाजवतो. मित्र अजून येतो, चहा पिऊन जातो.

समेनंतर आणखी काही लिहू नका. तिन्ही सा पडले की पेडल धरा आणि पट्ट्या सोडून द्या, सात-आठ सेकंद तारा गुंजू देत. मग कंट्रोलर ६४ ची (मिडीत पेडल सांभाळणाऱ्या आकड्याची) किंमत एकदम नाही, १२७ वरून टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणा. शून्य मात्र विसरायचं नाही. एकदा विसरलो आणि लॅपटॉप तसाच जोडून घरी आलो, तर बुधवारी सकाळी पहिल्या विद्यार्थिनीचा प्रत्येक स्वर विहिरीत बोलल्यासारखा घुमत होता, आणि बाई पियानो दुरुस्तीवाल्याला फोन लावून मोकळ्या झाल्या होत्या.