मनालीच्या बर्फात स्वतःची गाडी नेताय? या चुका टाळा

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस मनालीच्या वरचं सोलंग ते अटल टनेल (लाहौलकडे नेणारा बोगदा) या छोट्याशा पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या. त्या मोसमातले व्हिडिओ ज्यांनी पाहिले त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. ब्रेकचे लाल दिवे पेटलेले, चाकं पूर्ण थांबलेली, तरी गाडी उतारावरून खाली सरकतेच आहे. पुण्या-मुंबईहून थेट गाडी घेऊन मनालीला जाणारे आता पुष्कळ आहेत. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी हे घाट भर पावसात पार केलेल्या माणसाला आपल्या हातावर भरवसा असतो, आणि तो योग्यही असतो. पण पावसाळी घाटाच्या सवयी बर्फावर उलट्या पडतात. खालच्या बहुतेक चुका या सवयींतूनच होतात.

चूक पहिली: ब्रेकवर विश्वास

ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला की कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ओल्या रस्त्यावर १४-१५ मीटरमध्ये. गाड्यांनी दाबलेल्या बर्फावर तीच गाडी ३० मीटर घेते, आणि शून्य अंशाच्या आसपासच्या ओलसर, गुळगुळीत थरावर ६० मीटरच्या पुढे जाते. वेग २० वर आणला तरी या थरावर १५-१६ मीटर लागतात. हा हिशोब सपाट रस्त्याचा आहे. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार असेल आणि त्यावर असा थर असेल, तर टायरची पकड आणि उताराची ओढ जवळपास सारखी होते. तिथे वेग कितीही कमी ठेवा, ब्रेकने गाडी थांबत नाही.

म्हणून निर्णय उताराच्या माथ्यावर घ्यायचा. खाली कुणी अडकलंय का, वळणावर गाड्या थांबल्यात का, हे आधी पाहा. पुढची गाडी उतार संपवून सपाटीला लागली की मगच आपली सोडा. पहिला किंवा दुसरा गिअर वरच टाका आणि तो उतरेपर्यंत बदलू नका. उतारावर झटक्याने गिअर खाली आणला तर इंजिनच्या ओढीने चाकं अडकतात आणि घसरण सुरू होते. ऑटोमॅटिक असेल तर ‘डी’ मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये पहिला-दुसरा धरा किंवा ‘एल’ वापरा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) असेल तर चालू करा, पण टायरला पकडच नसेल तिथे तेही काही करू शकत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरण्याची सवय काहींना असते. ती तर इथे थेट दरीकडे नेते.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लागलं की पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो. घाबरून पाय काढू नका, दाब तसाच ठेवा. एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग थोडंफार ऐकतं, त्याचा खरा उपयोग हाच. भुसभुशीत बर्फात एबीएसवाली गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते, कारण अडकलेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साचून गाडी अडवतो तो इथे साचत नाही.

फोर बाय फोर आहे म्हणून निर्धास्त

थार, जिमनी, स्कॉर्पिओ फोर बाय फोर या गाड्या बर्फात चढतात मस्त. थांबताना मात्र त्यांनाही तेच चार टायर आणि तोच रस्ता. चढताना आलेला आत्मविश्वास उतरताना घात करतो. आणखी एक: थार-जिमनीसारख्या गाड्यांचं ‘फोर एच’ (चारही चाकांना ताकद देणारा मोड) कोरड्या डांबरावर चालू ठेवायचं नसतं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. बोगद्यात शिरताना ‘टू एच’ (दोनच चाकांना ताकद) करा, बाहेर बर्फ लागला की पुन्हा ‘फोर एच’.

टायर आणि हवा

आपल्याकडच्या गाड्यांना कंपनीतून येणाऱ्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, पण बर्फासाठी ४ पेक्षा कमी असेल तर गाडी वर नेऊच नका. टायरवर ‘एम अँड एस’ (चिखल आणि बर्फ) छापलेलं असणं पुरेसं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असलेला टायरच बर्फावर तपासलेला असतो.

हवेबाबत दोन टोकं दिसतात. पुण्यात २८ अंशांना ३३ पीएसआय भरून निघालात, तर मनालीतल्या उणे ५ च्या पहाटे गेज साधारण ३० दाखवेल. थंडीने पाचेक पीएसआय उतरतात, आणि उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजवर दोनेक परत मिळतात. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढीच भरा. दुसरं टोक म्हणजे ‘पकड वाढते’ म्हणून हवा २० वर आणणं. खोल, मऊ बर्फात किंवा वाळूत त्याचा उपयोग होतो, आइसवर नाही. शिवाय खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरची बाजू चिरण्याची भीती.

चेन चुकीच्या चाकांना

ही चूक रोज दिसते, आणि अगदी टाळता येण्यासारखी आहे. चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर गुंडाळायची साखळी, इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावायची. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी, क्रेटा, नेक्सॉन या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे चेन पुढे. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, टू व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर मागच्या चाकांवर चालतात, म्हणजे चेन मागे. फोर बाय फोरला चारही चाकांना लावणं उत्तम. दोनच असतील तर कुठल्या जोडीला, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

चेन टायरच्या मापाचीच घ्या. टायरवर २०५/६५ आर १६ असा जो आकडा असतो तोच चेनच्या पिशवीवर हवा. मोठे अलॉय बसवलेल्या गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यात इतकी कमी जागा उरते की चेन ब्रेकच्या नळीला घासते. हे बर्फात कळून उपयोग नाही. घरच्या पार्किंगमध्ये एकदा चेन लावून पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते तपासा. पहिल्या वेळी वीस मिनिटं जातात. बोटं बधिर झाल्यावर तीच वेळ दुप्पट होते, त्यामुळे रबराचा थर असलेले हातमोजे चेनच्या पिशवीतच ठेवा.

चेन बर्फ सुरू होण्याआधी, सपाट आणि रुंद जागी लावा. चढावर अडकल्यावर गाडीखाली हात घालणं धोक्याचं. लावून शंभर-दोनशे मीटर गेलात की थांबून पुन्हा ताणा, कारण ती सैल होतेच. वेग ३०-४० च्या आत. कोरडं डांबर लागलं की काढा, नाहीतर कडी तुटते आणि तुटलेला तुकडा मडगार्ड किंवा ब्रेकची नळी फाडतो. फक्त पुढच्या चाकांना चेन असलेल्या गाडीचं शेपूट उतारावर बाहेर पडू शकतं, तेव्हा वळणावर अजिबात घाई नको.

वेळ चुकते, ठिकाण चुकतं

सगळ्यात फसवा प्रकार ब्लॅक आइस. दिवसा वितळलेलं पाणी ऊन गेलं की डांबरावर पातळ थर होऊन गोठतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. डोंगराच्या सावलीतली वळणं, पूल, रस्त्यावर झरा उतरतो त्या जागा आणि बोगद्याची तोंडं इथे तो हमखास असतो. गाडीच्या डिस्प्लेवर बाहेरचं तापमान ३ अंश दिसलं की रस्ता गोठलेला असू शकतो असंच धरा. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, टायरचा आवाज एकदम बंद झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, ही त्याची लक्षणं.

अटल टनेल ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही तोंडं ३,००० मीटरहून उंच. आत रस्ता कोरडा असतो, वेग सहज ६० पर्यंत जातो, आणि पलीकडे लाहौलच्या बाजूला बाहेर पडताच चाकं बर्फावर येतात. बाहेरचा उजेड दिसायला लागला की आतच वेग २० पर्यंत आणा, मागच्याला धोक्याचे दिवे दाखवा.

पर्यटकांचा दिवस नेमका उलटा बेतलेला असतो: उशिरा उठून अकराला निघायचं, बोगद्यापलीकडे सिस्सूला खेळायचं आणि चार-पाचला परतायचं. तीच वेळ रस्ता गोठायची. सकाळी नऊ-दहाला ऊन रस्त्यावर आल्यावर निघा आणि दुपारी तीनच्या आत सोलंगच्या खाली या. बर्फ पडायला लागला तर जेवण, फोटो सोडून लगेच परत फिरा. ताज्या बर्फावर पकड थोडीफार असते. शंभर गाड्या त्यावरून गेल्या की तोच बर्फ दाबून काचेसारखा होतो.

हिमवृष्टीनंतर पोलीस मनालीच्या वर बहुतेकदा फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात. तिथे हुज्जत घालू नका. खरं सांगायचं तर अशा दिवशी आपली गाडी हॉटेलवर ठेवून स्थानिक टॅक्सी करणं हाच शहाणपणा आहे. तो चालक अख्खा हिवाळा त्याच वळणांवर काढतो.

घसरल्यावर काय करायचं

पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. लोक आणखी फिरवतात, आणि पकड मिळताच गाडी त्या दिशेला उसळते. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, चाकांनी पकड घेतली की हळू वळवा. मागची बाजू घसरली तर ती ज्या बाजूला जातेय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा, पण नजर जायचंय तिकडे ठेवा. क्रूझ कंट्रोल बर्फावर कायम बंद.

उतारावर गाडी ऐकेनाशी झाली तर तिला डोंगराच्या बाजूला, कडेच्या मऊ बर्फात घाला. बंपर जाईल, माणसं वाचतील. पट्टा काढून उडी मारू नका, स्वतःच्याच चाकाखाली जाण्याची शक्यता असते. आणि बाहेर असाल तर घसरणाऱ्या गाडीला हाताने अडवायला कधीही पुढे होऊ नका. दीड टनाचं धूड पाच-सहा माणसांनी थांबत नाही. अडकलेल्या गाडीच्या उताराकडच्या बाजूला कुणीही उभं राहू नये, मुलं तर नाहीच.

अडकल्यावर

ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत राहिलं की खालचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढा, चाकं सरळ करा, खाली वाळू, खडी किंवा राख टाका. काही नसेल तर पायपुसणी चालतात. दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने निघा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) इंजिनची ताकद कापत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, सुटल्यावर लगेच चालू. दहा किलो वाळू, छोटं फावडं, टो करायचा पट्टा, जंपर केबल, टॉर्च, ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ हे सामान डिकीत हवंच.

रांगेत अडकलात तर दुसरी रांग करू नका. समोरून येणारी बर्फ काढणारी गाडी आणि रुग्णवाहिका त्यामुळेच अडते.

हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं जीवघेणं आहे. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा थंडीबरोबर या वायूचाही उल्लेख झाला होता. तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा, त्याआधी दर वेळी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, एक काच बोटभर खाली ठेवा आणि एक जण जागा राहा. मदतीसाठी ११२.

रात्रीच्या आणि गॅरेजच्या चुका

महाराष्ट्रात रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकून काम भागतं. तिथे ते पाणी गोठून रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकच फुटू शकतो. निघण्यापूर्वी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरून घ्या, ते उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. काच धुवायच्या टाकीतलं शांपूचं पाणी काढून न गोठणारं द्रव भरा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर लोड टेस्ट करून घ्या, उणे १८ अंशांना तिची ताकद निम्म्यावर येते. डिझेल गाडीची टाकी वर गेल्यावर स्थानिक पंपावर भरा. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर बंद करतं, म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर ओले ब्रेक गोठून सकाळी चाक सुटत नाही. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. वायपर उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. हीटर काचेवर सोडा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. छतावरचा बर्फही काढा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो समोरच्या काचेवर येतो.

आणि भाड्याने घेतलेले गमबूट घालून गाडी चालवू नका. त्यांचा रुंद तळवा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबतो, बर्फ चिकटलेला असेल तर पेडलवरून सटकतो. चालकाचे साधे, कोरडे बूट सीटखाली ठेवलेले असावेत.