केबिन उचलण्याआधी: ट्रकच्या इंजिनची जागा देखणी करण्याची तयारी

रंगाचा डबा सर्वांत शेवटी विकत घ्या. इंदूरच्या ट्रान्सपोर्टनगरात गाडी उभी राहिली, की पहिली चर्चा रंगाचीच होते. मग तेलकट ब्लॉकवर घाईने मारलेला चंदेरी रंग थोड्याच दिवसांत पापुद्रे धरतो. इंजिनची जागा उठून दिसते ती स्वच्छतेने आणि वायरी-पाइप जागच्या जागी बसल्याने. रंगाचा वाटा त्यात थोडाच.

मुहूर्त काढायचा तर गणपती गेल्यावरचा, सोयाबीनची भरती सुरू व्हायच्या आधीचा. पावसाळाभर चिकटलेली माळव्याची काळी माती ओली असताना नुसती पसरते. वाळली की लाकडी पट्टीने खरवडून निघते. धुण्या-वाळवण्याला एक दिवस धरा आणि रंगाला दुसरा. दोन्ही एकाच दिवसात उरकू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाणी लावण्यापूर्वी मिस्त्रीला बोलवा. धूळ धरलेला तेलाचा ओघळ गळती कुठून आहे ते सांगतो, आणि एकदा धुतलं की तो माग पुसला जातो. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल चेंबरची (खालच्या तेलाच्या भांड्याची) कड, होज पाइपची (रबरी नळ्यांची) टोकं टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कुठून गेली होती, हे संध्याकाळी कुणालाच आठवत नसतं. गळती असेल तर आधी पॅकिंग बदला, सजावट नंतर.

सामान फार नाही: पाण्यात मिसळणारं डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), जुने दातांचे ब्रश, रंगाचा एक रुंद ब्रश, पितळी तारांचा ब्रश, भरपूर सुती चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, टेप, खायचा सोडा, व्हॅसलीन, हातमोजे, चष्मा. डिझेल या यादीत नाही. डिझेल फवारून इंजिन चमकवून देणारे पुष्कळ भेटतील. त्या दिवशी चमक छान दिसते, पण उरलेला थर धूळ ओढतो, रबर फुगतं, आणि गरम मॅनिफोल्डजवळ (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीजवळ) डिझेल म्हणजे आगीला आमंत्रण.

केबिन पुढे उलटणारी असेल तर आतलं सगळं काढा: कागदपत्रं, पाण्याची कॅन, स्टोव्ह, डॅशबोर्डवरचा गणपती. नाहीतर काच पहिल्यांदा फुटते ती त्या कॅनने. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना गुटके. केबिन वर गेल्यावर तिचा टेका लॉक झाला की नाही, हे हाताने चाचपून बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालू नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. मग बॅटरी सोडवा. मोठ्या ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. आधी निगेटिव्ह वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत धूर शुद्ध करणाऱ्या युरियाची टाकी असेल, तर चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, लाइनमधला युरिया परत टाकीत जाऊ द्या. जोडांवर साचलेले त्याचे पांढरे खडे कोमट पाण्याने विरघळतात, ब्रशने ओरबाडायची गरज नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरची बुरशी सोड्याच्या पाण्याने काढा, कोरडी करा, जोडणी झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा.

हवेचा पाइप, अल्टरनेटर, सेल्फ (स्टार्टर), फ्यूज बॉक्स, ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर, डिपस्टिकचं तोंड, सगळं पिशवीत बांधून टेप मारा. प्रेशरची गन यांच्यापासून लांबच ठेवा. रेडिएटरच्या जाळीत भूस आणि कांद्याची सालं अडकलेली असतात. पाणी पंख्याच्या बाजूने बाहेर असं, हलक्या दाबाने सोडा. समोरून मारलं तर कचरा आणखी आत बसतो आणि पत्र्या वाकतात त्या वेगळ्या. धुणं वॉशिंग सेंटरवरच करा. २०१७ साली देशात स्वच्छतेचा पहिला नंबर काढलेल्या शहरात काळं तेलकट पाणी गल्लीत सोडून दंड कशाला ओढवून घ्यायचा?

वाळल्यावर वायरींना नवी पन्हाळी नळी घाला, पट्ट्या बांधा, पण मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून अंतर ठेवा. गंजक्या होज क्लिपा बदला. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लिपांनी जेवढा फरक पडतो, तेवढा हजाराच्या रंगाने पडत नाही.

आता रंग. ब्लॉक आणि ब्रॅकेट पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, प्रायमर, मग इनॅमल. फिका राखाडी घेतला तर पुढची गळती लगेच दिसते. मॅनिफोल्डला उष्णतेचा वेगळा रंग लागतो, साधा जळून धूर करतो. रेडिएटर, पट्टे, पुलीच्या खाचा, सेन्सर, अर्थिंगची जागा आणि इंजिन नंबर यांवर थेंबही नको. गाडीची सरकारी फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. तिथे नंबर वाचता आला नाही, तर खरवडत बसावं लागतं. होजवर पाण्यात बनवलेलं चमक आणणारं ड्रेसिंग चालेल, पट्ट्यावर मुळीच नाही, तो घसरतो.

खंडेनवमीला पूजा करताना झेंडूचा हार पंख्यापासून दूर बांधा, आणि नारळ चाकापाशी फोडा, इंजिनावर नाही. पहिल्या फेरीनंतर केबिन पुन्हा एकदा उचलून क्लिपा कसून घ्या.