नाण्यातला टांकसाळी दोष आणि नंतरची इजा यांतला फरक कसा ओळखावा

नाणे घडताना धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात, त्यांचा काठ उचलला जातो आणि मग कड्यात बसलेली चकती वरच्या व खालच्या ठशांमध्ये प्रचंड दाबाने दाबली जाते. खरा दोष या टप्प्यांपैकीच कुठेतरी निर्माण झालेला असतो. म्हणून वेगळे दिसणारे नाणे हाती आले की हे यंत्रात कोणत्या टप्प्यावर घडू शकेल, हे आधी शोधावे. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर ते नाणे बहुधा टांकसाळीबाहेरच बिघडलेले असते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि एक लहान चुंबक एवढी साधने पुरतात. नाणे तिरप्या उजेडात धरून आधी उंचवटा आणि खोलगटपणा पाहावा. ठशाला तडा गेला असेल, तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ उमटते. ओरखडा मात्र धातू खरवडून झालेला असल्यामुळे खोल असतो आणि त्याच्या बाजूंना बहुधा बारीक कड उठलेली दिसते. अक्षरे किंवा अंक गायब असतील, तर भोवतालचा पृष्ठभाग तपासावा. ठशात ग्रीस साचल्यामुळे अक्षर उमटले नसेल, तर तिथली मूळ झळाळी शाबूत राहते. घासून काढलेल्या जागी बारीक समांतर चरे दिसतात.

काठ तुटलेल्या नाण्यांत फसवणूक फार होते, म्हणून तिथे घाई करू नये. समजा, १९९२ ते २००४ या काळातले स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे आहे. त्याचे पूर्ण वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर असतो, शिवाय ते चुंबकाला चिकटते. चकती कापतानाच तिचा तुकडा गेला असेल, तर वजन कमी भरेलच, पण कानशीने घासल्यावरही ते कमीच भरते. त्यामुळे निव्वळ वजनावर निकाल देता येत नाही. तुटक्या भागाच्या बरोबर समोरचा काठ पाहावा. कोऱ्या चकतीचा काठ उचलताना तुटक्या बाजूला आधार नसतो, म्हणून समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही आणि तिथला काठ बहुधा फिका, अस्पष्ट राहतो. तुटक्या कडेजवळची अक्षरेही किंचित ओढल्यासारखी दिसतात, कारण दाबाखाली धातू मोकळ्या जागेकडे सरकलेला असतो. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच स्वच्छ छाटलेले असते आणि समोरचा काठ धडधाकट असतो. समोरचा काठ फिका नसणे हा एकटा पुरावा मानू नये, पण अशा नाण्याला जास्त पैसे मोजण्याआधी थांबावे.

संग्राहक ज्याला ब्रोकेज म्हणतात, त्या नाण्याच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूचेच चित्र उलटे आणि खोलगट उमटलेले असते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यामुळे हे घडते, आणि पहिल्या काही प्रतींत ते चित्र स्पष्ट असते. मात्र शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबूनही तशी खूण उठवता येते. अशा वेळी नाणे उलटून पाहावे: खऱ्या ब्रोकेजची दुसरी बाजू चांगली उमटलेली असते, तर दाबून केलेल्या नाण्याची दुसरी बाजू चपटी झालेली असते आणि खोलगट चित्राखाली मूळ नक्षीचे अवशेषही डोकावतात.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधला भाग काढून उलटा बसवलेला नसल्याची खात्री करावी. मध्यभाग आणि कडे यांवर एकाच दाबाने छाप पडते, म्हणून सांध्यावरून ओलांडणारी नक्षी जुळायलाच हवी.

ठसा फिरल्याचे ओळखणे त्यामानाने सोपे आहे. अशोकस्तंभ सरळ धरून नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. मागची बाजूही सरळ यायला हवी. ती खूप फिरलेली असेल आणि काठाच्या आत कुठेही दोन नाण्यांचे भाग जोडल्याची खूण दिसत नसेल, तर दोष खरा मानायला हरकत नाही.

तपासण्याआधी नाणे चिंचेने किंवा पावडरीने घासू नये, कारण ज्या झळाळीवरून निर्णय घ्यायचा तीच त्यामुळे निघून जाते.